पोलिओ झालेल्या पोराने जागेवरून उड्या मारत ऑलिम्पिकची ८ गोल्ड मेडल्स जिंकली, पण आज तो खेळच उरला नाही

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये मायकल फेल्प्सने ८ गोल्ड मेडल्स जिंकली आणि सगळीकडे त्याचीच चर्चा झाली. त्या गडबडीत एक जुना विक्रम गुपचूप मोडला गेला. रिले वगैरे सोडून, एकट्याच्या जिवावर सगळ्यात जास्त ऑलिम्पिक गोल्ड जिंकण्याचा तो विक्रम शंभर वर्षं टिकून होता.

तो होता रे युरी या अमेरिकन माणसाच्या नावावर. आता तुम्ही म्हणाल, हे नाव तर कधी ऐकलं नाही. ऐकणार कसं? ज्या खेळात त्याने ही मेडल्स मिळवली, तो खेळच ऑलिम्पिकमधून कायमचा बाद झालाय.

त्या खेळाचं नाव स्टँडिंग जंप. म्हणजे धावत न येता, जागेवर उभं राहून मारलेली उडी.

खेळ नेमका कसा होता?

आज आपण लांब उडी बघतो तेव्हा खेळाडू लांबून धावत येतो, पट्टीवर पाय मारतो आणि वाळूत पडतो. स्टँडिंग जंपमध्ये ही धाव नव्हती. रेषेवर दोन्ही पाय ठेवून उभं राहायचं, गुडघे वाकवायचे, हात मागे नेऊन जोरात पुढे फेकायचे आणि झेप घ्यायची. टाचा उचलून अंग पुढेमागे झुलवलं तर चालायचं, पण पाय जमिनीवरून एकदाच सुटायला हवेत. आधी छोटीशी उडी मारून जोर घेतला की फाऊल.

याचे तीन प्रकार होते. उभी लांब उडी, उभी उंच उडी आणि उभी तिहेरी उडी. लांब आणि उंच उडी १९०० ते १९१२ च्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये होती. तिहेरी उडी मात्र १९०० आणि १९०४ अशी दोनदाच झाली.

व्हीलचेअरवरून थेट पॅरिसला

रे युरीचा जन्म १८७३ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या लाफायेत गावचा. लहानपणीच आईवडिलांचं छत्र गेलं आणि त्यात पोलिओने गाठलं. पोलिओची लस यायला तेव्हा आणखी पाऊणशे वर्षं होती. काही काळ हे पोरगं व्हीलचेअरवर होतं.

पण पायात ताकद यावी म्हणून त्याने स्वतःच व्यायाम सुरू केला. त्यातला मुख्य भाग म्हणजे उड्या. पाय सुधारले, आणि नुसते सुधारले नाहीत तर भल्याभल्यांना मागे टाकतील इतके तयार झाले. पुढे त्याने पर्ड्यू युनिव्हर्सिटीतून इंजिनिअरिंग केलं, न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठ्याच्या कामात इंजिनिअर म्हणून नोकरी धरली आणि न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबकडून खेळायला लागला.

१९०० साली पॅरिसला ऑलिम्पिक झालं. कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने भारताच्या नावावर लागलेली दोन सिल्व्हर मेडल्स जिंकली, तेच हे ऑलिम्पिक. तिथे १६ जुलैला युरी मैदानात उतरला आणि एकाच दिवसात तिन्ही उभ्या उड्यांची गोल्ड मेडल्स घेऊन गेला. पुढे लोकांनी त्याला 'ह्यूमन फ्रॉग' म्हणजे माणसातला बेडूक असं नाव दिलं.

त्या दिवशी उंच उडीत त्याने १.६५ मीटर उंची पार केली. ही किती मोठी गोष्ट आहे हे समजण्यासाठी आयर्विंग बॅक्स्टरकडे बघा. धावत येऊन मारायच्या उंच उडीत त्या वर्षी बॅक्स्टर चॅम्पियन होता आणि त्याची उडी होती १.९० मीटर. म्हणजे धावत येणाऱ्या जगज्जेत्यात आणि जागेवरून उडणाऱ्या युरीत फरक होता जेमतेम पाव मीटरचा. हाच बॅक्स्टर तिन्ही उभ्या उड्यांमध्येही उतरला होता. तिन्हीत युरीच्या मागे दुसरा आला.

१९०४ ला सेंट लुईसमध्ये पुन्हा तीन गोल्ड. तिथे उभ्या लांब उडीत त्याने ३.४७ मीटरचा विश्वविक्रम केला. घरात दोन बाय दोन फुटांच्या फरशा असतील तर मोजून बघा, जागेवरून जवळपास पावणेसहा फरश्या ओलांडाव्या लागतील.

१९०८ ला लंडनमध्ये आणखी दोन गोल्ड, वयाच्या ३४ व्या वर्षी. तीन, तीन आणि दोन, एकूण आठ. १९०६ मध्ये अथेन्सला झालेल्या खेळांतही त्याने दोन गोल्ड जिंकली होती, पण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ते ऑलिम्पिक अधिकृत धरत नाही. म्हणून कुठे त्याची मेडल्स ८ दिसतात, तर कुठे १०. आकडा कुठलाही घ्या, उभ्या उडीच्या ज्या ऑलिम्पिक फायनलला तो उतरला, ती त्याने जिंकलीच.

शेवटची स्पर्धा आणि एक सेंटीमीटर

१९१२ ला स्टॉकहोममध्ये युरी नव्हता. लांब उडीत ग्रीसच्या कॉन्स्टँटिनोस त्सिक्लितिरासने ३.३७ मीटर उडी मारली, अमेरिकेच्या प्लॅट अ‍ॅडम्सने ३.३६. गोल्ड ठरलं एका सेंटीमीटरवर. अ‍ॅडम्सने उंच उडीचं गोल्ड मिळवून भरपाई केली आणि तिथे त्याचाच भाऊ बेन दुसरा आला.

त्सिक्लितिरासच्या वाट्याला मात्र फार दिवस आले नाहीत. बाल्कन युद्ध पेटलं, तो सैन्यात गेला आणि १९१३ मध्ये मेनिंजायटिसने वारला. वय फक्त २४. उभ्या लांब उडीचा तो शेवटचा ऑलिम्पिक चॅम्पियन ठरला.

मग हा खेळ बंद का पडला?

१९१६ चं ऑलिम्पिक पहिल्या महायुद्धामुळे झालंच नाही. १९२० ला अँटवर्पमध्ये खेळ भरले तेव्हा यादीत उभ्या उड्या नव्हत्या. त्या एकट्याच गेल्या नाहीत. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांनी फेकून बेरीज करायच्या थाळीफेक, गोळाफेक आणि भालाफेकही १९१२ नंतर दिसल्या नाहीत.

१९१२ मध्येच अ‍ॅथलेटिक्सची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली होती. तोपर्यंत यजमान देश आपापल्या सोयीने स्पर्धा ठरवायचे. आता सगळीकडे सारखे नियम आणि सारखी यादी हवी होती. एकाच उडीचे दोन-दोन प्रकार ठेवायचे की एकच, असा प्रश्न आला की धावत येणारी उडी सरस ठरणार हे उघड होतं. ती जास्त लांब जाते, बघायला थरारक असते आणि जास्त देशांमध्ये खेळली जायची.

आणखी एक गोष्ट आकड्यांतून दिसते. १९०१ मध्ये धावत्या लांब उडीचा विक्रम ७.६१ मीटर होता, आज तो ८.९५ आहे. म्हणजे साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढ. उभ्या उडीत युरीचे ३.४७ मीटर होते आणि २०१५ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू बायरन जोन्सने एनएफएलच्या निवड चाचणीत ३.७३ मीटर उडी मारली. वाढ फक्त साडेसात टक्के. धावत्या उडीत वेग, ट्रॅक, तंत्र अशा बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. जागेवरच्या उडीत सगळा खेळ पायांच्या एका झटक्याचा, तिथे सुधारायला जागाच कमी.

खेळ गेला, उडी राहिली

पण याच कारणामुळे ही उडी मेली नाही. तंत्राचा भाग कमी असल्याने पायांची खरी ताकद मोजायला यापेक्षा सोपी चाचणी नाही. ना ट्रॅक लागतो, ना मशीन. एक रेष आणि एक टेप पुरतो.

म्हणूनच एनएफएलपासून आपल्या महाराष्ट्रातल्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीपर्यंत स्टँडिंग ब्रॉड जंप आजही घेतली जाते. गावोगावची पोरं रेषेवर उभी राहतात, हात मागे नेतात आणि झेप घेतात.

रे युरी १९३७ मध्ये वारला. ज्या उडीने त्याला व्हीलचेअरवरून उठवलं तिचं आज गोल्ड मेडल मिळत नाही. पण कुठल्या पोराच्या पायात किती दम आहे, हे अजूनही तीच सांगते.