थरथरता कॅमेरा आणि भयानक रस

तिवईचा आधार सोडून कॅमेरा हातात धरावयाचा, धावताना बसणारे हिसके तसेच ठेवावयाचे आणि हे चित्रण कथेतील पात्रानेच केले आहे असे भासवावयाचे, ही रीत भयपटात १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकन चित्रपटाच्या यशानंतर विशेष रूढ झाली. तिच्यामागील अपेक्षा उघड आहे. नीटनेटके चित्र रचलेले वाटते, हलणारे चित्र सापडलेले वाटते. आणि जे सापडलेले, ते खरे, असा प्रेक्षकाचा समज असतो. ही अपेक्षा कितपत सफल होते, याचा विचार भारतीय रसचर्चेच्या आधारे करता येण्याजोगा आहे.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी पहिले संभावनाविरह, म्हणजे ‘असे घडू शकेल’ असे न वाटणे. हातातल्या कॅमेऱ्याची योजना मुख्यत्वे या विघ्नाच्या निवारणासाठी आहे. परंतु एक विघ्न दूर करताना ती दुसरी दोन ओढवून घेते: निजसुखादिविवशीभाव, म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे, आणि स्फुटत्वाभाव, म्हणजे प्रतीती स्पष्ट नसणे.

पहिल्याचे प्रत्यंतर शरीरच देते. पडद्यावरील चित्र हिंदकळू लागले की डोळे गतीची वार्ता देतात. आसनावर स्थिर बसलेल्या देहाचा तोल सांभाळणारा अंतःकर्ण मात्र ती नाकारतो. या विसंगतीतून गाडी लागावी तशी मळमळ उत्पन्न होते. ‘ब्लेअर विच’ पाहताना अनेकांना हा त्रास झाला. २००८ सालच्या ‘क्लोव्हरफील्ड’च्या वेळी काही अमेरिकन चित्रपटगृहांनी तशी सूचनाच लावली होती. मळमळणारा प्रेक्षक भ्यालेला नसतो. त्याचे लक्ष कथेवरून उडून स्वतःच्या पोटाकडे गेलेले असते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. नाट्यशास्त्रात भयानकाचे विभाव म्हणून विकृत ध्वनी, पिशाचदर्शन, शून्य घर, अरण्य इत्यादी येतात; हातापायांचा कंप आणि चंचल झालेली दृष्टी हे अनुभाव होत. थरथरता कॅमेरा अनुभावच तेवढा दाखवितो. कोणीतरी कापत आहे एवढे कळते. कशामुळे कापत आहे, ते धूसर राहते. अभिनवगुप्ताने भयानकाच्या विवेचनात घेतलेले उदाहरण याच्या नेमके उलट आहे. शाकुंतलाच्या आरंभी दुष्यंताच्या धावत्या रथातून हरिण दिसते: वळलेली मान, आखडलेले शरीर, अर्धवट चावलेले दर्भ. रथ वेगात आहे, पण वर्णन डळमळत नाही. म्हणूनच ते भय एका हरिणाचे न राहता सर्वांचे होते.

निवेदनाच्या अंगानेही येथे अडचण आहे. पात्राच्या हातातील कॅमेरा हा प्रथमपुरुषी निवेदक होय. परंतु ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमू जे भोगले ते मागाहून, मनाशी जुळवून सांगते; कॅमेऱ्याला मागाहून सांगण्याची सवड नसते. त्यामुळे ‘जीव धोक्यात असता हा माणूस चित्रण का थांबवीत नाही?’ हा प्रश्न उभा राहतो आणि ज्या संभावनेसाठी खटाटोप केला, तीच ढासळते.

याचा अर्थ ही रीत सर्वथा त्याज्य आहे असा नव्हे. दिल्लीच्या करोल बागेत वाढलेले दिग्दर्शक दिबाकर बॅनर्जी यांचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) भयपट म्हणून ओळखला जात नाही. पण त्याच्या पहिल्या कथेइतके भय फार थोड्या भयपटांत आढळेल. चित्रपटकलेचा विद्यार्थी राहुल आपल्या नायिकेशी, श्रुतीशी, पळून जाऊन लग्न करतो. घरच्यांनी क्षमा केली या समजुतीने दोघे मोटारीतून परत निघतात आणि वाटेत मारली जातात. राहुल हौसेने तो प्रवास टिपत असतो, म्हणून चित्रणाचे कारण निराळे शोधावे लागत नाही. टिपणारा हात नाहीसा होतो, तरी यंत्र चालूच राहते. भय उपजते ते या उदासीनतेतून, हिसक्यांतून नव्हे. जातीचा उल्लेख गाळावयास लावून सेन्सॉर मंडळाने त्या भयाचा विभावच पुसट केला, ही गोष्टही येथे नोंदविण्यासारखी आहे. करोल बागेतील गफ्फार मार्केटसारख्या बाजारांतून कॅमेरे आणि मोबाईल घरोघर गेले. ज्या समाजात प्रत्येकाच्या हाती असे यंत्र आहे, तेथे हलते चित्र हा केवळ परकीय अलंकार राहत नाही. पण म्हणूनच त्याचा निष्कारण वापर लगेच उघडा पडतो.

त्याच निर्मितीगटाकडून पुढल्या वर्षी आलेल्या ‘रागिणी एमएमएस’ या हिंदी चित्रपटातील पिशाच मराठी बोलते आणि आपण चेटकीण नसल्याचे वारंवार सांगते. मराठी श्रोत्याला ही धमकी न वाटता फिर्याद वाटते. मराठी न जाणणाऱ्याला तो केवळ विकृत ध्वनी. चेटकीण ठरवून छळलेल्या स्त्रीचा हा स्वर कानी पडावा, तर डोळ्यांना विसावा हवा. लपवून ठेवलेल्या अचल कॅमेऱ्यासमोर तो मिळतो, धावत्या कॅमेऱ्यात मिळत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा परिणामही रात्री तिवईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यासमोरील निश्चल शयनगृहातूनच साधला आहे.

सारांश, कंप हा भयाचा परिणाम आहे, कारण नव्हे. कारण स्पष्ट दाखविले, तर कापण्याचे काम प्रेक्षक आपण होऊन करतो. कॅमेराच कापू लागला, तर प्रेक्षकाला नजर वळविण्यास निमित्त मिळते; आणि ज्या कथेत मारणारे घरचेच असतात, तेथे नजर वळविण्याची मुभा देणे हा केवळ तंत्राचा दोष राहत नाही.