हवेवरची गाडी: किती खरी, किती ऐकीव

‘टाटांची हवेवर चालणारी गाडी आली, एकदा टाकी भरली की 300 किलोमीटर, खर्च जवळजवळ शून्य.’ हा मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. पेट्रोल महागलं की तो पुन्हा उगवतो. नेरुळच्या सारसोळे गावात दारातली रिक्षा सीएनजीवर चालते, जेट्टीवरची होडी डिझेलवर. घरखर्चाचं गणित इंधनाच्या भावावर हलतं, तिथे असा निरोप कुणी हसण्यावारी नेत नाही. नेऊही नये. त्यातला काही भाग खरा आहे, आणि खऱ्याच्या आधारानेच खोटं टिकून राहतं.

खरा भाग आधी. गी नेग्र नावाच्या फ्रेंच अभियंत्याने शर्यतीच्या गाड्यांच्या इंजिनांवर काम केलं होतं. त्याच्या एमडीआय या कंपनीने दाबलेल्या हवेवर चालणारं इंजिन तयार केलं. 2007 साली टाटा मोटर्सने भारतासाठी या तंत्राचा करार केला. मे 2012 मध्ये टाटांनी जाहीर केलं की पहिला टप्पा पूर्ण झाला आहे आणि हे इंजिन टाटांच्या दोन वाहनांवर चालवून पाहिलं आहे. पुढचा टप्पा उत्पादनायोग्य तंत्र विकसित करण्याचा होता. नेग्र 2016 मध्ये वारले. दाबलेल्या हवेवर चालणारी टाटांची एकही मोटार विक्रीला आली नाही. ‘आली’ आणि ‘चाचणी झाली’ यांच्यातलं अंतर या मजकुरात पुसलं जातं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज: हवा फुकट, म्हणून गाडी फुकट. हवा फुकट आहेच, पण गाडी हवेवर पळत नाही, हवेच्या दाबावर पळते, आणि तो दाब विकत घ्यावा लागतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला जोरात येतं ते पंपाने वर चढवलं म्हणून. पंपाचं वीजबिल भरल्याशिवाय तो जोर मिळत नाही. हवेची टाकीही तशीच. पेट्रोल जळून ऊर्जा देतं. हवा आपल्याजवळचं काहीच देत नाही, कंप्रेसरने भरलेलं तेवढं परत करते, तेही अर्धवट.

किती अर्धवट, ते पाहण्यासारखं आहे, कारण सगळा वाद इथेच मिटतो. पंक्चरवाल्याकडे आपण चाकात हवा भरतो ती साधारण 30 ते 35 पीएसआय. या गाड्यांची टाकी भरायची ती सुमारे 4,350 पीएसआयला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 300 पट. कोपऱ्यावरचा कंप्रेसर इथे कामाचा नाही. 300 लिटरची टाकी धरा. एवढ्या दाबाने भरल्यावर तिच्यातल्या हवेचंच वजन 100 किलोच्या आसपास जातं. त्या हवेतून आदर्श परिस्थितीत, काहीही वाया न जाता, सुमारे 12 युनिट ऊर्जा मिळू शकते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलावरचं तेच युनिट. प्रत्यक्षात इंजिनातून निम्मी मिळाली तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे 6 युनिट. ती टाकी भरायला मात्र ढोबळ हिशेबाने 20 ते 25 युनिट वीज लागते. तेवढीच वीज बॅटरीत भरली असती, तर तिच्यातला बहुतेक वाटा चाकांपर्यंत पोचला असता.

पेट्रोलशी तुलना करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट उष्णता असते आणि इंजिन त्यातली पाव कामाला लावतं. म्हणजे 300 लिटरची हवेची टाकी तीन लिटर पेट्रोलचीही बरोबरी करत नाही. छोट्या हलक्या गाडीला तेवढ्यात 50-60 किलोमीटर जाता येईल. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये हाच हिशेब बारकाईने मांडला. त्यांचं उत्तरही 50 किलोमीटरच्या आतबाहेरच होतं, आणि पल्ला, खर्च, प्रदूषण या तिन्हींत विजेची गाडी सरस ठरली. टोयोटा उद्योगसमूहाने 2011 मध्ये ‘कु-रिन’ नावाची तीनचाकी बनवली. हवेवर ती ताशी 129 किलोमीटरला पोचली, विक्रमही झाला. एका टाकीत ती सुमारे 3.2 किलोमीटर जात असे.

ऊर्जा जाते कुठे? उष्णतेत. सायकलचा पंप मारताना नळी तापते हे आपण हाताने अनुभवलेलं असतं. हवा एकदम 300 पट दाबली तर हिशेबाने तिचं तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाईल, म्हणून ती टप्प्याटप्प्याने दाबून मध्ये मध्ये थंड करावी लागते. त्या थंड करण्यात आपण पैसे मोजून घेतलेली ऊर्जा वातावरणात सोडून देतो. गाडीत उलट घडतं. हवा पसरते, थंड होते आणि तिचा जोर घटतो. तिच्यात बाष्प असेल तर झडपांवर बर्फ धरतो. खाडीकाठच्या सारसोळ्याची जुलैतली हवा डोळ्यांसमोर आणा. ती टाकीत भरण्याआधी पूर्ण कोरडी करावी लागेल, आणि कोरडी करायलाही वीज लागेल. गाडीतून थंड हवा बाहेर पडते, तीच एसीचं काम करील, हा दावा मात्र तत्त्वतः बरोबर आहे.

‘गाडीतच कंप्रेसर बसवा, चालता चालता टाकी भरत राहील.’ हे ऐकायला इतकं सोपं वाटतं की शिकलेली माणसंही मान डोलावतात. पण तो कंप्रेसर फिरवणार कोण? त्याच टाकीतली हवा. चाकांवरून घेतलेली ऊर्जा चाकांवर जाण्याआधी दोनदा गळती सोसते, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होईल, उशिरा नव्हे. ब्रेक लावताना वाया जाणारी थोडी ऊर्जा परत मिळवता येते, ती गोष्ट वेगळी. फ्रान्सच्या प्यूजो-सित्रोएनने 2013 मध्ये त्याच तत्त्वावर पेट्रोल इंजिनाच्या जोडीला दाबलेल्या वायूची व्यवस्था दाखवली होती. तीही बाजारात आली नाही.

धुराबद्दल बोलायचं तर गाडीच्या मागून खरंच फक्त हवा निघते. रिक्षाच्या रांगेत दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांसाठी ही छोटी गोष्ट नाही, आणि या कल्पनेचं आकर्षण मला याच ठिकाणी कळतं. पण भारतातली बहुतांश वीज अजून कोळशापासून होते. एकाच अंतरासाठी हवेची गाडी बॅटरीच्या गाडीच्या दुपटीहून जास्त वीज खाणार असेल, तर नेरुळमध्ये वाचलेला धूर चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघेल. तिथेही माणसंच राहतात.

तेल कंपन्यांनी हा शोध दाबून टाकला, हे ठासून सांगितलं जातं. त्यासाठी हा शोध नवा असायला हवा होता. फ्रान्समधल्या नांत शहरात लुई मेकार्स्कीच्या रचनेच्या, दाबलेल्या हवेवरच्या ट्राम 1879 पासून 1917 पर्यंत रोज प्रवासी नेत होत्या. मेकार्स्की हवा गरम पाण्यातून सोडत असे, कारण बर्फाची अडचण त्यालाही आली होती. कोळशाच्या खाणींत तर हवेची इंजिनं मुद्दाम वापरली गेली. ठिणगी पडत नाही, म्हणून खाणीतला वायू पेटण्याची भीती नाही. ट्राममधून हवा गेली ती विजेच्या तारा आल्यावर. आपल्याकडेही तेच घडलं. टाटांनी 2020 मध्ये नेक्सॉन आणि 2022 मध्ये टियागो विजेवर आणली. टियागोच्या मोठ्या बॅटरीत 24 युनिट मावतात, आपल्या 300 लिटर हवेच्या आदर्श आकड्याच्या दुप्पट. यात कटकारस्थान शोधायची गरज पडत नाही.

सीएनजीशी होणारी गल्लतही दूर करायला हवी. दोन्ही वायू, दोन्ही सिलिंडरमध्ये दाबलेले, म्हणून ‘सीएनजी चालतो तर हवा का नाही’ असं विचारलं जातं. सीएनजी 200 बारच्या (म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 200 पट) आसपास दाबतात ते त्याने कमी जागा घ्यावी म्हणून. गाडी तो जाळून चालते. हवा जळतच नाही, त्यामुळे तिला आगीची भीती नाही. पण 300 पट दाब स्वतःच धोकादायक असतो. म्हणून त्या टाक्या कार्बन धाग्यांच्या करतात. त्या फुटल्या तरी तुकडे उडण्याऐवजी चिरून हवा सुटावी अशी रचना असते. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी सक्तीची आहे, ती याच काळजीपोटी.

दाबलेली हवा निरुपयोगी आहे, असा अर्थ कुणी काढू नये. एसटीचे आणि ट्रकचे ब्रेक तिच्यावरच चालतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत तिची हत्यारं दिवसभर फिरत असतात. जिथे थोडा वेळ, थोड्या अंतरावर, ठिणगीविना जोर हवा तिथे ती उत्तम. सारसोळ्याहून लांबच्या गावाला जाऊन परत यायचं काम तिचं नव्हे.

आणि कुणी हवेच्या गाडीचं बुकिंग म्हणून पैसे मागितले, तर त्याच्याकडे एक कागद मागावा: पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं त्या मॉडेलचं मंजुरी प्रमाणपत्र. ते नसेल तर नवी मुंबईच्या आरटीओत त्या गाडीची नोंदणीच होणार नाही आणि एमएच 43 ची पाटी तिला लागणार नाही.