कळलावीची लागवड व जोपासना

आषाढ-श्रावणात कोकणातील कुंपणांवर, सह्याद्रीच्या उतारांवर आणि देशावरील ओढ्याकाठच्या झुडपांत तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले दिसू लागतात. हीच कळलावी होय. खड्यानाग, अग्निशिखा व लांगली ही तिचीच नावे आहेत. कोकणात गौरीच्या पूजेसाठी ही फुले आवर्जून आणली जातात. तमिळनाडूने तर तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. असे असूनही आपल्याकडे या वेलीची गणना रानवटात होते. बांध साफ करताना ती उपटली जाते आणि कंद विकत घेणारा आला की उरलेली खणून दिली जाते. ही वेल बांधावर कशी राखावी, तिची लागवड कशी करावी आणि तिच्या विषापासून घरच्या माणसांचे व गुराढोरांचे रक्षण कसे करावे, याची माहिती शेतकरी बांधवांस व गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

ओळख

कळलावी ही बहुवर्षायू वेल आहे. मात्र बहुवर्षायू असतो तो जमिनीतील कंद. वेल दरवर्षी नवी येते. पहिल्या पावसाबरोबर कंदाला कोंब फुटतो, पावसाळ्यात फुले व शेंगा येतात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीस वेल पिवळी पडून वाळून जाते. पुढील पावसापर्यंत कंद जमिनीत निद्रिस्त राहतो. त्या काळात वर काहीच दिसत नसल्याने वेल मेली असे समजून ती जागा खणली जाते व कंद नष्ट होतो.

पान हे ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन होय. पानाचे टोक लांब होऊन तणाव्यासारखे वळलेले असते व त्या टोकानेच वेल आधार धरते. फुलाला सहा पाकळ्या असून त्यांच्या कडा लाटांसारख्या मुडपलेल्या असतात व त्या मागे वर वळलेल्या असतात. उमलताना हिरवट असलेले फूल पुढे बुडाशी पिवळे व टोकाशी तांबडे होते आणि अखेरीस संपूर्ण तांबडे दिसते. कंद दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा असतो. लांगल म्हणजे नांगर; त्यावरूनच संस्कृतात या वेलीस लांगली हे नाव पडले.

महत्त्व

कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन हे अत्यंत तीव्र द्रव्य असते. बियांत त्याचे प्रमाण कंदापेक्षा अधिक आढळते. संधिवाताच्या एका प्रकारावर, म्हणजे वातरक्तावर, डॉक्टर हे औषध अगदी अल्प मात्रेत देतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारे एक औषधही या बियांतील द्रव्यापासून तयार होते. शेतीशीही कोल्चिसीनचा संबंध आहे. या द्रव्याने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे अमेरिकेत ब्लेकस्ली व ॲव्हरी यांनी १९३७ साली दाखवून दिले. बिनबियांचे कलिंगड तयार करण्यास हीच युक्ती पुढे उपयोगी पडली.

या मागणीमुळे तमिळनाडूत दिंडुक्कल, करूर, तिरुप्पूर इत्यादी जिल्ह्यांत शेतकरी बियांसाठी कळलावीचे पीक घेतात. आपल्याकडे मात्र अद्याप रानातील कंद खणून विकण्याकडेच कल आहे. बी काढून घेतल्यास वेल पुढील वर्षी पुन्हा येते. कंद काढून नेल्यास त्या जागी वेलीचा शेवट होतो. म्हणून बी घ्यावे व कंद राखावा, हाच या वेलीच्या जोपासनेचा मूळ नियम होय.

हवामान व जमीन

पाण्याचा उत्तम निचरा होणारी तांबडी किंवा मुरूममिश्रित हलकी जमीन या वेलीस मानवते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून कंद कुजतात. तेथे लागवड करणे असल्यास उंच गादीवाफे किंवा वरंबे करावेत. वेलीला ऊन हवे असते. तथापि बुडाशी गवताची किंवा झुडपाची सावली असल्यास ती चांगली वाढते. म्हणूनच शेताचे जिवंत कुंपण ही तिची आवडती जागा आहे.

बेणे

लागवड कंदापासून करावी. कंद माहितीच्या रोपवाटिकेतून किंवा लागवड करणाऱ्या शेतकऱ्याकडून घ्यावेत. राखीव वनातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवावे. रस्ता किंवा बांधकाम यांसाठी एखादी जागा खणली जाणारच असेल, तर तेथील कंद मालकाच्या संमतीने हलवून आपल्या कुंपणाशी लावावयास हरकत नाही.

कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. तो मोडला तर त्या फाट्यास कोंब येत नाही. म्हणून कंद हाताळताना, विशेषतः पोत्यात भरताना, फार जपावे. मोठा कंद जोडाशी कापून त्याचे दोन तुकडे करता येतात. मात्र प्रत्येक तुकड्यास एक शाबूत डोळा असला पाहिजे. सुमारे ५० ते ६० ग्रॅम वजनाचे, टणक व डाग नसलेले कंद निवडावेत. कापलेला भाग सावलीत सुकू द्यावा.

बियांपासूनही रोपे होतात, परंतु त्यास धीर हवा. बी सावकाश व मागेपुढे उगवते. काही बी तर दुसऱ्या पावसाळ्यात रुजते. रोपास फूल येण्यास तीन ते चार वर्षे लागतात. असे असले तरी दरवर्षी थोडे बी गादीवाफ्यात पेरीत गेल्यास, रानातील एकही कंद न काढता, काही वर्षांत घरचेच बेणे तयार होते.

लागवड

जून-जुलै महिन्यांत, पाऊस स्थिरावताच लागवड करावी. जमीन भुसभुशीत करून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. खतात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळल्यास कंदकुजीस आळा बसण्यास मदत होते. कंद आडवा ठेवून वर सुमारे चार बोटे माती घालावी. दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन कंदांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. या अंतराने एका गुंठ्यात सुमारे ३७० कंद बसतात व ५० ग्रॅमचा कंद धरल्यास साडेअठरा किलो बेणे लागते. प्रथमच लागवड करणाऱ्याने यापेक्षा अधिक क्षेत्र घेऊ नये. केवळ कुंपणालगत लावावयाचे असल्यास दर हातभर अंतरावर एक कंद पुरे.

आधार व आंतरमशागत

वेल दीड ते दोन मीटर वाढते. तिला वेळीच आधार न मिळाल्यास ती जमिनीवर लोळते व फुले कमी येतात. निर्गुडी, करवंद, मेंदी यांचे कुंपण असल्यास वेगळा आधार लागत नाही. शेतात तुराट्या किंवा झाडांच्या वाळलेल्या फांद्या रोवाव्यात, अथवा तार ताणावी. कोंब कोवळा व ठिसूळ असल्याने तण हाताने काढावे. वेलीच्या बुडाशी खुरपे खोल घालू नये. पावसाने ओढ दिल्यास हलके पाणी द्यावे, परंतु पाणी साचू देऊ नये.

परागसिंचन

या फुलाची रचना वेगळी आहे. स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात वळून बाजूस गेलेला असतो. त्यामुळे फुलातील पराग त्याच फुलाच्या स्त्रीकेसरावर सहसा पडत नाहीत. रानात हे काम फुलपाखरे व सूर्यपक्षी करतात. शेतात त्यांची संख्या अपुरी पडल्यास शेंगा कमी धरतात. याकरिता तमिळनाडूतील शेतकरी सकाळच्या वेळी हाताने परागसिंचन करतात. एका वेलीच्या फुलातील पिवळी परागधूळ मऊ कुंचल्यावर घेऊन ती दुसऱ्या वेलीच्या फुलातील स्त्रीकेसराच्या टोकास लावावी. काम संपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

कीड व रोग

काळ्या अंगावर पांढरे व तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पाने अधाशीपणे खातात. लहान लागवडीत त्या हातमोजे घालून वेचाव्यात व साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. या अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात. म्हणून वेली वाळल्यावर ओळींमधील माती हलकेच चाळवावी. सततच्या पावसात पानांवर करपा पडतो व निचरा नसल्यास कंद कुजतो. रोगट पाने काढून जाळावीत, कुजलेला कंद मातीसकट काढून टाकावा व त्या जागी पुन्हा लगेच लागवड करू नये.

काढणी व साठवण

शेंगांचा गडद हिरवा रंग फिकट होऊन साल सुरकुतू लागली म्हणजे त्या तयार झाल्या असे समजावे. शेंगा फुटण्यापूर्वी तोडून सावलीत पसराव्यात. त्या उकलल्यावर आतील नारिंगी-तांबडे बी वेगळे करून पुन्हा सावलीत वाळवावे. रानातील वेलींच्या निम्म्या तरी शेंगा वेलीवरच राहू द्याव्यात, म्हणजे बी तेथेच पडून वाढ होत राहील. वेल वाळल्यावर कंद जागेवरच ठेवावा व तेथे दगडाची किंवा खुंटीची खूण करावी. कंद हलवावयाचेच असल्यास ते कोरड्या वाळूत, कुलूपबंद जागी ठेवावेत.

विक्रीसंबंधी एक सूचना आवश्यक आहे. या बियांचे खरेदीदार मोजके असून भाव वर्षावर्षाला खालीवर होतो. खरेदीदार निश्चित झाल्यावाचून मोठ्या क्षेत्रावर खर्च करू नये.

विषापासून सावधगिरी

आयुर्वेदाने कळलावीची गणना उपविषांत केली आहे. तिचा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उकडल्याने हे विष जात नाही. उन्हाळ्यात पाने नसताना हा कंद रताळे किंवा रानातील एखादा खाद्य कंद समजून खाण्यात येण्याचा धोका असतो. म्हणून पुढील नियम कसोशीने पाळावेत.

१. पाने पाहून ओळख पटल्याखेरीज रानातील कोणताही कंद खाऊ नये व मुलांना देऊ नये.

२. कळलावी अंगणात, गोठ्याजवळ किंवा भाजीच्या वाफ्यालगत लावू नये. खुडलेल्या वेली गुरांच्या चाऱ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.

३. कंद कापताना हातमोजे वापरावेत. तो विळा व पाटी स्वयंपाकाच्या कामी आणू नये.

४. पूजेची फुले मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवावीत.

५. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून हा कंद वापरण्याची जुनी चाल आहे व त्यावरूनच कळलावी हे नाव पडले असे सांगतात. या उपायाने आई व मूल या दोघांच्याही जिवास धोका पोहोचतो. प्रसूती दवाखान्यातच करावी.

विष पोटात गेल्यावर काही तासांनी तोंडात व घशात आग, वांत्या आणि जुलाब सुरू होतात. पुढे हे थांबल्यासारखे वाटले तरी विषाचे काम आत चालूच असते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा वेलीचे पान बरोबर न्यावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

पावसाळ्यात वेली फुलावर असताना शाळेतील मुलांना व स्त्रियांना प्रत्यक्ष वेल दाखवावी, पानाचे वळलेले टोक ओळखावयास शिकवावे आणि वरील पाच नियम समजावून सांगावेत. बांध साफ करण्यापूर्वी वेलींच्या जागा खुणांनी राखून ठेवण्यास शेतकऱ्यांना सुचवावे. हे फूल घरात ठेवल्यास भांडणे लागतात, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. भांडणाचा भाग सोडून देता येईल; परंतु वेल घरापासून दूर राहिली हे त्या समजुतीचे फळ चांगलेच आहे. घरापासून दूर, शेताच्या कुंपणावर कळलावीस जागा दिली तर गौरीला फुले मिळतील, बियांचे दोन पैसे मिळण्याची वाट राहील आणि जमिनीतील कंद पुढील पावसाळ्यात पुन्हा कोंब धरील.