कानांनी वाचणारे

अमरावतीला डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालय आहे. परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांच्या बालगृहात वाढलेली माला याच विद्यालयात शिकली. ती दृष्टिहीन आहे. ब्रेल लिपीतील पुस्तके बोटांनी वाचून आणि ध्वनिमुद्रित पाठ ऐकून तिने अभ्यास केला. २०२४ साली ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. (ब्रेलची एक गंमत अशी की, तिच्यात उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडे लिहितात!)

आता परीक्षेची जाहिरात, अर्ज, निकाल हे सारे संकेतस्थळावर येते. ज्याला दिसत नाही, तो ते कसे वाचतो? त्यासाठी संगणकात 'स्क्रीन रीडर' नावाची प्रणाली असते. ती पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. 'एनव्हीडीए' ही अशीच प्रणाली. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी ती घडवली. ती विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते.

पण ही प्रणाली अक्षरे वाचते, चित्र नव्हे. समजा, अकोल्यातील एका शाळेने वेळापत्रक छापले, त्यावर सही-शिक्का घेतला आणि त्याचा फोटो संकेतस्थळावर टाकला. आपण तो सहज वाचू. प्रणाली मात्र 'चित्र' एवढेच सांगून पुढे जाईल. परीक्षा कोणत्या तारखेला आहे, हे अंध विद्यार्थ्याला कळणार नाही. चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणाली आता आल्या आहेत. परंतु पुसट छपाईत त्या चुकतात, आणि तारखेत एक आकडा चुकला तरी वर्ष वाया जाते.

उर्दूच्या बाबतीत हे फार घडले. नस्तालीक वळणाची अक्षरे संकेतस्थळावर दाखवणे अवघड होते. म्हणून अनेक उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे पानांची चित्रेच टाकत असत. मराठीची अडचण निराळी होती. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'शाळा' हा शब्द दिसे. पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असत. प्रणाली तीच बडबडत असे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे 'शाळा' हा शब्द 'शाळा' असाच ऐकू येतो.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा सेवांचा लाभ मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला.

आपल्या शाळेची एखादी सूचना मोबाइलवर उघडा आणि तिच्यातील एक शब्द निवडून मित्राला पाठवून पाहा. तोच शब्द पोहोचला, तर सूचना खऱ्या अक्षरांत आहे. फोटोच टाकायचा असेल, तर त्याच्याखाली तोच मजकूर टंकून द्यावा.