ऑफर लेटरवर सही करण्याआधी

अमेरिकेतल्या विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसरची जागा मिळाल्याचा फोन आला की ठाण्या-डोंबिवलीच्या घरात आधी पगार विचारला जातो, मग गाव कोणतं, थंडी किती, आपली माणसं जवळपास आहेत का. ग्रीन कार्डचे कागद विद्यापीठ करणार का आणि कधी, हा विषय निघतो तेव्हा मुलगी रुजू होऊन वर्ष उलटलेलं असतं. माझ्या मते सही करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हाच. पगाराचं पुढेही बोलता येतं. हुकलेली मुदत फार महागात पडते.

आयटीतल्या मुलांमुळे एच-वन-बी म्हटलं की आपल्याला लॉटरी आठवते. वर्षाला ६५,००० व्हिसा, अमेरिकेतच मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण झालेल्यांसाठी आणखी २०,०००, आणि मागणारे त्याहून कितीतरी जास्त. विद्यापीठांना मात्र २००० सालच्या कायद्याने या मर्यादेतून वगळलं. ती वर्षात केव्हाही अर्ज करू शकतात. ही सवलत विद्यापीठातल्या नोकरीपुरतीच असते. उद्या प्राध्यापकी सोडून कंपनीत जायचं ठरवलं, तर तिथे लॉटरी चुकत नाही.

शिकवणाऱ्याला वेगळी वाट ठेवण्याची ही रीत जुनी आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला निघाल्या तेव्हा व्हिसाचा प्रश्नच नव्हता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी घरात घेतलं, तेवढं पुरलं. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना बंदी केली, पण विद्यार्थी आणि शिक्षक त्यातून वगळले. १९२४ च्या कायद्यातही प्राध्यापक कोट्याबाहेर राहिले. अमेरिकेचं नागरिक होण्याचा हक्क हिंदी माणसाला मिळाला तो १९४६ मध्ये, आणि कायम राहायला येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला सुमारे १०० जणांचा. शिकवायला या, इथलं होण्याचं नंतर बघू, असा तो कारभार होता. आजच्या भारतीय प्राध्यापकाची स्थिती पाहिली की तो पुरता संपला असं मला वाटत नाही.

ग्रीन कार्डची नेहमीची वाट ‘पर्म’मधून जाते. या जागेसाठी लायक अमेरिकन उमेदवार मिळाला नाही, हे मालकाने कामगार खात्याला दाखवायचं. कंपनीच्या बाबतीत किमान पात्रतेचा एक अमेरिकन उमेदवार आला तरी प्रकरण अडतं. वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकासाठी नियम वेगळा आहे: आलेल्या अर्जांत आम्ही निवडलेली व्यक्तीच सर्वांत योग्य होती, एवढं विद्यापीठाने सिद्ध केलं की पुरे. त्यासाठी मूळ जाहिरात देशपातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात आलेली असावी लागते आणि निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज जावा लागतो. इथेच घोळ होतो. महिने मोजायचे ते निवडीच्या तारखेपासून, रुजू झाल्यापासून नव्हे. निवड फेब्रुवारीत आणि वर्ग ऑगस्टमध्ये सुरू, म्हणजे सहा महिने आधीच गेले. त्यात अर्जाआधी कामगार खात्याकडून प्रचलित वेतनाचा दाखला मागवावा लागतो, त्याला कित्येक महिने जातात. ‘पहिलं वर्ष बरं गेलं की पाहू’ असं ज्या विद्यापीठाचं धोरण आहे, तिथे मुदत काठावर येते. ती टळली तर पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती. ‘पर्म’च्या वकिलाचा आणि जाहिरातीचा खर्च कायद्याने विद्यापीठानेच करायचा असतो, तो कुणी उमेदवाराकडे मागत असेल तर तिथेच थांबून विचारावं.

अर्ज कामगार खात्यात दाखल झाला ती प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली जागा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सुमारे सात टक्के. भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच आइसलँडला. २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-टू, म्हणजे उच्चशिक्षितांच्या, रांगेत २०१३ च्या सुरुवातीच्या तारखांचं काम चाललं होतं. म्हणून तर एकेका महिन्याला किंमत आहे. नामवंत प्राध्यापक-संशोधकांची ईबी-वनची रांग पुष्कळ छोटी असते. तिला ‘पर्म’ लागत नाही, पण तीन वर्षांचा अनुभव आणि कामाची नोंद घेतली गेल्याचे पुरावे लागतात. ईबी-टूची मंजुरी आलेली असली की तिची जुनी तारीख ईबी-वनलाही चालते. त्यामुळे आधी ईबी-टू लावून ठेवावं, असं मी प्रत्येकाला सांगते. तोवर एच-वन-बी सहा वर्षांपलीकडेही वाढवून मिळतो. मुलं मात्र २१ वर्षांची झाली की सहसा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात.

रांग ठरते जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. नवरा-बायकोतला एक जण मस्कत किंवा कुवेतमध्ये जन्मलेला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आखातात नोकरी करून आलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

आणि इथून पुढचं काम कपाटातल्या फायलीचं, जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांचं. कल्याण-डोंबिवली महापालिका झाली १९८३ मध्ये. त्याआधीचा जन्म जुन्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधावा लागतो. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे पासपोर्टवर जन्मगाव डोंबिवली आणि नोंद कऱ्हाडला किंवा राजापूरला. कित्येक दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं. लग्नात बदललेलं बायकोचं नाव विवाह दाखल्यात एक, मार्कशीटवर दुसरं. या प्रत्येक तफावतीवर उपाय आहे: नाव घालून घेतलेला दाखला, नोंद नसल्यास अनुपलब्धता प्रमाणपत्र, आईवडिलांची किंवा जन्माच्या वेळी असलेल्या आत्या-मावशीची प्रतिज्ञापत्रं, गॅझेट. ही माणसं हिंडती-फिरती आहेत तोवरच हे करून ठेवावं. परदेशातून फोनवर हे होत नाही.

अमेरिकी अध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने एच-वन-बीच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचा आकार बसवला आणि विद्यापीठांना त्यातून सरसकट सूट दिली नाही. नंतरच्या खुलाशानुसार अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून बदल करणाऱ्याला तो लागत नाही. इथून थेट निवड झालेल्याला लागतो. लहान राज्य विद्यापीठ एका भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकासाठी एवढी रक्कम काढेल, ही आशा धरणं कठीण. पवईहून किंवा पुण्याहून पीएचडी करून थेट तिकडे शिकवायला जाण्याची वाट याने अरुंद झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उलट दिशेचा प्रश्न आता आपल्या दारात आहे. १४ जून २०२५ ला मुंबईत ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीच्या आयईडी या पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली. त्यांची संकुलं नवी मुंबई विमानतळाच्या परिसरात योजली आहेत. तिथे परदेशी प्राध्यापक आले तर रोजगार व्हिसावर येतील, तो साधारण पाच वर्षांपर्यंत वाढतो, मग पुन्हा नव्याने. परदेशी अध्यापकासाठी ग्रीन कार्डसारखी सोय आपल्याकडे नाही. मूळच्या अमेरिकन असलेल्या फलटणच्या मॅक्सीन बर्नसन १९७८ मध्ये आणि कासेगावच्या गेल ऑम्वेट १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. कायमचं इथलं व्हायचं तर स्वतःचं नागरिकत्व सोडावं लागणार, ही अट आजही तशीच आहे. खारघर-पनवेलला घर शोधणारा यॉर्कचा एखादा व्याख्याता सही करण्याआधी आपल्या विद्यापीठाला विचारेल: माझे कागद कोण करणार, आणि किती वर्षांचे?