राजाचा चेहरा पुसला, नाणं चालत राहिलं

नवीन जालन्याच्या सराफ्यात जुनी चांदी मोडीला आली की तिचं वजन होतं, कस पाहिला जातो. त्या मोडीत एखादं गधैया नाणं असलं, तर ते ओळखू येणं कठीण. जाडसर, बोटाच्या पेराएवढं, चारेक ग्रॅमचं. त्यावर ना नाव, ना साल. नुसते ठिपके आणि रेघा.

जरा निरखून पाहावं. एका बाजूची लांब रेघ म्हणजे नाक, ठिपका म्हणजे डोळा. दुसऱ्या बाजूला एकावर एक रचलेल्या आडव्या रेघा, दोहो अंगांना ठिपक्यांच्या उतरंडी, वर चंद्र-सूर्य. हे इराणच्या सासानी साम्राज्याचं अग्निकुंड आहे आणि त्या उतरंडी म्हणजे कुंडाचे दोन रक्षक!

सासानी घराणं इ. स. 224 मध्ये सत्तेवर आलं. त्यांचं चांदीचं नाणं, द्रम्म, पातळ, पसरट, साधारण चार ग्रॅमचं. प्रत्येक राजाचा मुकुट वेगळा, त्यामुळे मुकुटावरूनही राजा ओळखता येतो. 484 मध्ये पेरोझ राजा हूणांशी लढताना मारला गेला. त्याआधी खंडणी म्हणून त्याची बरीच चांदी त्यांच्याकडे गेली होती. हूणांनी तोच ठसा उचलला आणि हिंदुस्थानात आणला. पुढे राजस्थान, गुजरात, माळवा आणि महाराष्ट्रातही त्याच्या नकला शतकानुशतकं पडत राहिल्या. ठसा कोरणाऱ्यासमोर राजा नव्हता, आधीची नक्कल होती; नकलेगणिक चेहरा विरत गेला आणि नाणं आकसून जाड झालं.

अभ्यासक याला कलेचा ऱ्हास म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेणाऱ्या राष्ट्रकूटांची स्वतःची म्हणावीत अशी नाणी फारशी सापडत नाहीत, पण बाजार काही थांबला नव्हता. व्यापाऱ्याला ओळखीचा घाट आणि वजन हवं होतं. ठसा बदलला असता तर नाणं घेणाऱ्याने हात आखडला असता. उत्तरकाळात चांदीत तांब्याची भेसळ वाढली, तरी घाट तोच राहिला.

खुद्द इराणातही हेच घडलं. 651 मध्ये साम्राज्य बुडालं, तरी अरब सुभेदार कित्येक वर्षं सासानी राजा खुस्रोच्याच चेहऱ्याची नाणी पाडत होते. कडेला फक्त ‘बिस्मिल्लाह’ कोरलं.

आणि अकराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहार छित्तराजाला स्वतःच्या नावाचं नाणं काढायचं होतं, तेव्हा त्यानेही तो विरलेला इराणी चेहरा राहू दिला आणि सोबत नागरीत आपलं नाव घातलं.