वाळवंटाच्या किनाऱ्याने शिडाचे गलबत

बिरवाडीहून समुद्र दिसत नाही. पण गावाजवळून वाहणारी काळ नदी सावित्रीला मिळते आणि सावित्री बाणकोटला समुद्रात उतरते. महाड हे या नदीवरचे जुने बंदर. भरतीच्या पाण्यावर शिडाची गलबते तिथपर्यंत येत. आज बिरवाडी म्हटले की कारखाने आठवतात, आणि आखात म्हटले की विमानाचे तिकीट. तिकिटाच्या आधीची तिजारत कशी चाले, ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

अरबस्तानाच्या किनाऱ्यावर वाळू अमाप, पण जहाजाला लागेल असे झाड नाही. म्हणून फळी, डोलकाठी, काथ्याचा दोर हे सारे हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून जाई. अरबीत सागाला 'साज' म्हणतात, यातच सगळे आले. हिजरी ३०४ साली (इ. स. ९१६ च्या सुमारास) मसऊदी आपल्या चौलला आला, तेव्हा सिराफ, ओमान, बसरा व बगदादच्या लोकांसह सुमारे दहा हजार मुसलमान त्याला तिथे वसलेले आढळले.

या धंद्यात भांडवलाइतकेच मोल वाऱ्याच्या हिशेबाला होते. आपल्याकडे पावसाळ्यात बंदरे बंद असतात, तसाच धोफार आणि हद्रमौतचा किनाराही नैर्ऋत्येच्या वाऱ्याने बंद पडतो. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की गलबत पश्चिमेकडे निघे. किनाऱ्याशी पोचल्यावर दुसरे गणित. तापलेल्या वाळूमुळे दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे धावतो आणि रात्री वाळू थंड झाली की तो उलटतो. नाखवा रात्रीच्या वाऱ्याने बाहेर पडे आणि दुपारच्या वाऱ्याने आत येई. (आपला 'नाखवा' म्हणजे तिकडचा 'नाखुदा'च.) पुढे आखातात शिरले की वायव्येचा 'शमाल' तोंडावर. अरबी बाजूला पाणी उथळ, खडक बुडालेले आणि किनारा इतका सपाट की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून वर जाणारी जुनी जहाजे इराणच्या बाजूने जात. तिथे पाणी खोल आणि डोंगर लांबूनच दिसतात.

अशा किनाऱ्यावर पाणी हाही विकाऊ माल. बहरीनजवळ समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते. पाणबुडे बुडी मारून तिथून मशका भरून आणत. कुवेतमध्ये तर शत्त-अल-अरबचे पाणी गलबतांतून येई. १९५३ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना सुरू झाल्यावर तो धंदा ओसरला.

ॲलन व्हिलियर्स या ऑस्ट्रेलियन खलाशाने १९३८-३९ मध्ये कुवेतच्या एका 'बूम' जहाजावरून एडनहून झांझिबारपर्यंत आणि परत कुवेतपर्यंत सफर केली. त्याने टिपलेला हिशेब आमच्या पानाच्या कामाचा आहे. खलाशांना पगार नसे, सफरीच्या कमाईत वाटा असे. प्रत्येकाला आपल्या पेटीतून थोडा माल नेऊन विकण्याची मुभा होती. ऐकायला हे छान वाटते. पण वाटा मिळण्याआधी घर चालवायला उचल घ्यावी लागे. खलाशी नाखुदाच्या कर्जात आणि नाखुदा सावकार व्यापाऱ्याच्या कर्जात. वारा चुकला, मोसम हुकला की तोटा सर्वांत खालच्या माणसापर्यंत उतरे, कर्ज मात्र तसेच राही. उचलीवर काम करणाऱ्या सुताराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हुनर मात्र संपलेले नाही. टिम सेव्हरिनने १९८० मध्ये ओमानच्या सूर गावी 'सोहार' हे जहाज खिळ्यांऐवजी काथ्याने शिवून घेतले. लाकूड मलबारचे 'ऐनी', म्हणजे रानफणसाच्या जातीचे. आपल्या ऐनाशी त्याचा संबंध नाही. शिवणारे हात लक्षद्वीपचे होते. आपल्या नौदलाचे 'कौंडिण्य' हे तसेच शिवलेले जहाज, अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले आणि केरळच्या कारागिरांनी शिवलेले. इंजिन नसलेले हे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले. मोसम तोच जुना, हिवाळ्याचा. १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला लागले.